छातीतले दुखणे आणि हातातला वेळ

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील व्याख्यानाचा पाठ)



साठ वर्षांपूर्वी या शाळेच्या पहिलीच्या वर्गात जी मुले पाटी-दप्तर घेऊन बसली, त्यांनी आज पासष्टी ओलांडली आहे. मधल्या तुकड्यांतील मुले चाळिशी-पन्नाशीत आहेत आणि त्यांचीच मुले या वर्षी दहावीच्या परीक्षेला बसणार आहेत. अशा मेळाव्यात जुन्या आठवणी निघतात, न आलेल्यांची चौकशी होते आणि मग कोणीतरी आवाज खाली आणून सांगते, "अहो, झाले काहीच नव्हते. रात्री नीट जेवले, छातीत जरा जड वाटते म्हणाले आणि पहाटे गेले." प्रत्येक तुकडीत असे एक तरी नाव असते. आजच्या व्याख्यानाचा विषय त्या वाक्यातच आहे. 'जरा जड वाटते' आणि 'पहाटे' या दोन शब्दांच्या मध्ये जी रात्र गेली, तिचा हा विचार आहे.

२००८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात भारतातील हृदयविकाराच्या झटक्यांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. 'क्रिएट' या नावाने तो ओळखला जातो. देशातील ५० शहरांमधील ८९ रुग्णालयांत दाखल झालेल्या वीस हजारांहून अधिक रुग्णांची त्यात नोंद आहे. या रुग्णांचे सरासरी वय ५७.५ वर्षे होते. म्हणजे नोकरदाराच्या निवृत्तीचेच हे वय. पण त्याहून विचार करायला लावणारे दोन आकडे त्यात आहेत. त्रास सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंतचा मध्यक काळ होता ३६० मिनिटे. रुग्णालयात पोहोचल्यापासून रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध सुरू होईपर्यंतचा मध्यक काळ होता ५० मिनिटे. मध्यक म्हणजे मधली संख्या, हे गणिताच्या तासाला सर्वांनी शिकले आहे. अर्ध्या रुग्णांना सहा तास किंवा त्याहून अधिक लागले, असा त्याचा अर्थ होतो. रुग्णालयात तासाच्या आत उपचार सुरू होत होते. सहा तास गेले ते घरात, ओसरीवर, शेजाऱ्याच्या सल्ल्यात आणि रस्त्यात.

हे सहा तास इतके महत्त्वाचे का, हे समजून घेण्यासाठी हृदयाची रचना थोडी पाहावी लागेल. हृदय हा मुठीएवढा स्नायू दिवसाला सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावतो. सर्व शरीराला रक्त पुरवणाऱ्या या स्नायूला स्वतःलाही रक्त लागते आणि ते त्याला त्याच्या पृष्ठभागावरील बारीक रोहिण्यांमधून मिळते. या रोहिण्यांच्या आतल्या भिंतीवर वर्षानुवर्षे चरबीचा थर साचत जातो. एखाद्या क्षणी तो थर फाटतो, तेथे रक्ताची गुठळी होते आणि वाट बंद पडते. त्या वाटेवर अवलंबून असलेल्या स्नायूच्या पेशी साधारण अर्ध्या तासात मरू लागतात. ही हानी आतल्या थरापासून बाहेरच्या थराकडे सरकत जाते आणि काही तासांत त्या भागातील बहुतेक स्नायू निकामी होतो. मेलेला हृदयस्नायू पुन्हा उगवत नाही; त्या जागी व्रण उरतो. माणूस वाचला तरी पुढे जिना चढताना लागणारी धाप ही त्या रात्रीच्या विलंबाची खूण असते.

वाट लवकर उघडली, तर मात्र हाच स्नायू वाचतो. १९८६ साली इटलीतील 'जिसी' हा अभ्यास प्रसिद्ध झाला. अकरा हजारांहून अधिक रुग्ण त्यात होते. गुठळी विरघळवणारे स्ट्रेप्टोकायनेज हे औषध ज्यांना त्रास सुरू झाल्यापासून पहिल्या तासाच्या आत मिळाले, त्यांच्यातील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ४७ टक्क्यांनी घटले. तास वाढत गेले तसा लाभ कमी होत गेला आणि सहा तासांनंतर त्या अभ्यासात ठळक असा लाभ उरला नाही. उपचारही पुष्कळ पुढे गेले. १९७७ साली झुरिच येथे आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी फुग्याच्या साह्याने हृदयाची रोहिणी प्रथम रुंद केली. आज आपल्याकडील शहरांतही अँजिओप्लास्टी होते आणि सहा तासांनंतर आलेल्या रुग्णालाही तिचा उपयोग होतो. तरी नियम तोच राहिला आहे. औषध तेच, डॉक्टर तेच, रुग्णालय तेच. फरक पडतो तो वेळेने.

आता बडोद्यातील एक घर डोळ्यांसमोर आणावे. हे घर कोणा एकाचे नाही. अशा अनेक घरांत घडणाऱ्या गोष्टी एकत्र करून ते उभे केले आहे. आजोबा एकसष्ट वर्षांचे, बँकेतून निवृत्त झालेले. थंडीचे दिवस आहेत. सायंकाळी लग्नात उंधियो आणि पुरी झाली. साडेनऊला घरी आल्यावर छातीच्या मधोमध जड वाटू लागते. आजी विचारतात, "अहो, डॉक्टरांना फोन करू का?" आजोबा म्हणतात, "एवढ्या रात्री कशाला त्यांना त्रास? उंधियोच बाधला." दहाला ओवा आणि सैंधव होते. साडेदहाला हिंगाष्टक होते आणि एक ढेकर येतो. सर्वांना हायसे वाटते. अकराला आजोबांना घाम फुटतो आणि ऐन थंडीत ते पंखा लावायला सांगतात. बाराला सूनबाई पुण्याच्या नणंदेला फोन करतात. साडेबाराला शेजारी येतात आणि त्यांच्या मेव्हण्यालाही अगदी असेच झाले होते, तो निव्वळ गॅस होता, असे सांगतात. दोनला मुलगा स्कूटर काढतो. कोपऱ्यावरचा दवाखाना बंद असतो. साडेतीनला ते मोठ्या रुग्णालयात पोहोचतात.

साडेनऊ ते साडेतीन म्हणजे नेमके सहा तास झाले. या घरात कोणीही निष्काळजी नव्हते. आजी जाग्या होत्या, सूनबाई धावपळ करीत होत्या, शेजारी अंथरुणातून उठून आले होते. सर्वांनी काही ना काही केले. फक्त एक निर्णय कोणी घेतला नाही. तो घेण्याचा भार सर्वांनी मिळून आजोबांवरच टाकला आणि ज्याच्या छातीत दुखते तोच माणूस असा निर्णय घ्यायला सर्वांत कमी योग्य असतो. त्याला भीती वाटत असते, खर्चाची काळजी असते, 'गॅस निघाला तर लोक हसतील' हा संकोच असतो आणि आपल्याला काही झालेले नाही असे मानण्याची तीव्र इच्छा असते. म्हणून ही गोष्ट प्रथम सांगितली पाहिजे, की छातीच्या दुखण्यात निर्णय रुग्णाने घ्यायचा नसतो. तो जवळच्या माणसाने घ्यायचा असतो.

निर्णय घ्यायचा तर लक्षणे ओळखता आली पाहिजेत आणि येथे भाषेचा प्रश्न येतो. मराठी भाषा दुखण्याच्या बाबतीत संपन्न आहे. कळ येते, चमक निघते, सल राहतो, ठणका लागतो, जळजळ होते, आवळल्यासारखे वाटते, दडपण येते, जीव घाबरा होतो. यातील प्रत्येक शब्दाचा अर्थ वेगळा आहे आणि वैद्यकालाही त्या वेगळेपणाचे मोल आहे. हृदयाचे दुखणे बहुधा 'दुखते' या शब्दाने सांगितलेच जात नाही. रुग्ण म्हणतो, छातीवर धोंडा ठेवल्यासारखे वाटते. कोणीतरी पट्टा आवळल्यासारखे वाटते. भरून आल्यासारखे वाटते. 'दुखते का?' असे विचारले तर तो प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतो आणि घरातील माणसे निश्चिंत होतात. पुष्कळदा रुग्ण शब्दांऐवजी हाताने सांगतो. जागा दाखवायला सांगितली, की तो एक बोट टेकवत नाही, छातीच्या मध्यावर मूठ आवळून धरतो. अमेरिकेतील हृदयविकारतज्ज्ञ सॅम्युएल लेव्हाइन यांच्या नावाने ही खूण वैद्यकात ओळखली जाते.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरात या शब्दांना आणखी एक वळसा घ्यावा लागतो. आजी मराठीत सांगतात, नातू ते रुग्णवाहिकेच्या दूरध्वनीवर किंवा डॉक्टरांना गुजरातीत अथवा हिंदीत सांगतो. आजी म्हणाल्या, "छातीत कसेसेच होते आहे, जळजळल्यासारखे." नातवाने सांगितले, "एसिडिटी थई गई छे." त्या एका वाक्यात लक्षणाच्या जागी निदान जाऊन बसले. 'जीव घाबरा होतो' याचे हिंदीत 'घबराहट' होते आणि ऐकणाऱ्याला वाटते, बाई घाबरट आहेत. दुभाष्याचे काम करणाऱ्याने एवढेच पाळावे, की माणूस जे सांगतो तेच सांगायचे; त्याचा आपण लावलेला अर्थ सांगायचा नाही. 'छाती पर भार लागे छे, परसेवो थाय छे, साडा नव वाग्याथी छे' एवढे सांगता आले तरी काम होते. काय वाटते, कोठे वाटते, केव्हापासून वाटते आणि सोबत आणखी काय होते, या चार प्रश्नांची उत्तरे कोणत्याही भाषेत पुरतात.

आता कोणत्या लक्षणांत क्षणभरही थांबू नये, ते क्रमाने पाहू.

पहिले लक्षण हे. छातीच्या मध्यावर दडपण, जडपणा, आवळणे किंवा जळजळ सुरू झाली आणि विश्रांती घेऊनही पाच मिनिटांत ती शमली नाही, किंवा शमून पुन्हा सुरू झाली, तर तत्काळ मदत मागवावी.

दुसरे, हा त्रास एका किंवा दोन्ही हातांत, खांद्यात, मानेत, जबड्यात, पाठीत किंवा पोटाच्या वरच्या भागात पसरत असेल, तर थांबू नये. केवळ डावा हात दुखला तरच हृदयविकार, ही समजूत अपुरी आहे. दात दुखतो म्हणून दंतवैद्याकडे गेलेल्या माणसाचेही मूळ दुखणे हृदयाचे असू शकते.

तिसरे, सोबत थंड घाम, धाप, मळमळ, उलटी, अंधारी किंवा भोवळ असेल तर शंकेला जागा ठेवू नये. ऐन थंडीत फुटलेला घाम हा आजोबांच्या रात्रीतील सर्वांत स्पष्ट इशारा होता.

चौथे, छातीत काहीही न दुखता अकस्मात धाप लागणे, घामाघूम होणे किंवा विलक्षण गळून जाणे. मधुमेही माणसांत, वृद्धांत आणि स्त्रियांत झटका अशा वेशात येऊ शकतो. दीर्घकाळच्या मधुमेहाने वेदना वाहून नेणाऱ्या नसा बोथट होतात. इशारा देणारी घंटाच मंद वाजते.

पाचवे, पाठीत फाटल्यासारखी अकस्मात उठलेली तीव्र कळ, किंवा एका पायाला सूज येऊन अचानक लागलेली धाप. पहिल्यात महारोहिणी फाटलेली असू शकते, दुसऱ्यात फुप्फुसाच्या वाहिनीत गुठळी अडकलेली असू शकते. ही दुखणी हृदयाच्या झटक्याहून वेगळी असली तरी तितकीच तातडीची आहेत.

याखेरीज एक दुखणे असे आहे, की जे दारावर हलकेच टकटक करून परत जाते. चालताना, चढावर, जिन्यावर किंवा जेवणानंतर लगेच चालू लागल्यावर छाती आवळते आणि उभे राहिले की थांबते. विल्यम हेबरडेन या इंग्रज वैद्याने १७६८ साली लंडनच्या वैद्यसभेत या दुखण्याचे वर्णन वाचले आणि अंजायना हे नाव रूढ झाले. अडीचशे वर्षांनंतरही ते वर्णन तंतोतंत लागू पडते. दुखणे थांबले म्हणून रुग्ण ते विसरतो. पण वाट अरुंद झाली आहे, असे ते सांगत असते. असा अनुभव प्रथमच आला तर एक-दोन दिवसांतच डॉक्टरांना दाखवावे. आधीपासून अंजायना असलेल्यांचे दुखणे पूर्वीपेक्षा कमी श्रमात, अधिक वेळा किंवा बसल्या जागी येऊ लागले, तर मात्र दिवसाचीही वाट पाहू नये. त्याच वेळी रुग्णालय गाठावे.

छातीतील प्रत्येक दुखणे हृदयाचे असते, असे मुळीच नाही. एका बोटाने दाखवता येणारी, दाबल्यावर किंवा कूस बदलल्यावर वाढणारी चमक पुष्कळदा स्नायूंची वा बरगड्यांच्या सांध्यांची असते. आडवे झाल्यावर वाढणारी, आंबट ढेकरांसह येणारी जळजळ बहुधा पित्ताची असते. ताप-खोकल्यासह, श्वास घेताना टोचणारे दुखणे फुप्फुसाच्या आवरणाचे असू शकते. तेही त्याच दिवशी दाखवावे. छातीच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी आग होऊन दोन-तीन दिवसांनी पुरळ उठले तर ती नागीण असते. परीक्षेच्या दिवसांत तरुण मुलामुलींच्या छातीत धडधडते तेव्हा त्यामागे अनेकदा मनावरचा ताण असतो. पण हे 'बहुधा' आणि 'अनेकदा' शब्द डॉक्टरांनी तपासून वापरायचे आहेत. ज्याला मधुमेह किंवा उच्च रक्तदाब आहे, जो तंबाखू ओढतो वा खातो, ज्याच्या वडिलांना वा भावाला पंचावन्नच्या आत किंवा आईला वा बहिणीला पासष्टच्या आत हृदयविकार झाला आहे, त्याच्या घराने तर 'गॅस' हा शब्द तपासणीनंतरच उच्चारावा.

काही समजुती वेळ खातात. त्याही येथे नोंदवल्या पाहिजेत. ढेकर आला किंवा पित्ताच्या औषधाने बरे वाटले, म्हणजे हृदय निर्दोष ठरले, असे होत नाही. अन्ननलिका आणि हृदय शेजारी आहेत, त्यांच्या वेदनांच्या नसाही एकमेकींच्या जवळून जातात आणि हृदयाचे दुखणेही मध्येच ओसरते. दुसरी समजूत एकदा काढलेल्या ईसीजीची. पहिला ईसीजी सामान्य आला तरी झटका नाही, असे त्यावरून ठरत नाही. तो थोड्या थोड्या वेळाने पुन्हा काढावा लागतो आणि रक्तातील ट्रोपोनिन तपासावे लागते. तेही वाढायला काही तास लागतात. म्हणून त्रास चालू असताना "ईसीजी चांगला आहे" असे ऐकून घरी परतू नये, "पुन्हा केव्हा काढायचा?" असे विचारावे. तिसरी समजूत मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांची. एकट्या माणसाने जोरजोराने खोकत राहावे म्हणजे झटका टळतो, असा एक संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. वैद्यक त्याची शिफारस करीत नाही. ज्याला खोकण्याचे बळ आहे, त्याने त्या बळाने दूरध्वनी करावा.

मग प्रत्यक्षात करावे काय? माणसाला आहे तेथे बसवावे किंवा टेकून बसू द्यावे. जिना उतरवू नये, फेऱ्या मारू देऊ नयेत. लगेच १०८ किंवा ११२ या क्रमांकावर फोन करावा. 'छातीत दुखते आहे' हे शब्द पहिल्याच वाक्यात यावेत आणि पत्ता खुणेसह सांगावा. रुग्णवाहिकेत प्रशिक्षित माणूस असतो आणि वाटेत काही झाले तर हात रिकामे नसतात. स्कूटरवर मागे बसवलेल्या माणसाला भोवळ आली तर काय, याचा विचार केला म्हणजे हा फरक कळतो. रुग्णवाहिकेला फार उशीर लागणार असेल तर चारचाकीने न्यावे. रुग्णाने स्वतः वाहन चालवू नये. दार उघडे ठेवावे, फाटकाचा दिवा लावावा, चालू औषधांची चिठ्ठी आणि जुने कागद हाताशी घ्यावेत.

ॲस्पिरिनविषयी नेमके सांगणे आवश्यक आहे. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या 'आयसिस-२' या सतरा हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात, झटका आल्यावर लवकर सुरू केलेल्या आणि महिनाभर दिलेल्या ॲस्पिरिनने पाच आठवड्यांतील हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे होणारे मृत्यू २३ टक्क्यांनी कमी झाले. म्हणून झटक्याचा संशय असताना ३०० मिलिग्रॅमच्या आसपासची एक साधी गोळी चावून खायला सांगतात. परंतु ॲस्पिरिनची ॲलर्जी, पोटातील रक्तस्राव, अलीकडचा पक्षाघात किंवा पाठीत फाटल्यासारखी कळ असेल तर ती घेऊ नये. फोनवरील वैद्यकीय माणसाला विचारून घेणे उत्तम. गोळी शोधण्यासाठी फोन मागे पडता कामा नये. जिभेखाली ठेवायची गोळी मात्र ज्याला डॉक्टरांनी लिहून दिली आहे त्यानेच घ्यावी. शेजाऱ्याच्या डबीतली घेतल्यास रक्तदाब एकाएकी खाली जाऊ शकतो.

माणूस बेशुद्ध पडला आणि नीट श्वास घेईनासा झाला, तर दूरध्वनीबरोबरच छाती दाबायला सुरुवात करावी. दोन्ही तळवे एकावर एक ठेवून छातीच्या मध्यावर, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मदत येईपर्यंत. हे शिकायला एक दुपार पुरते.

रात्री धावाधाव होऊ नये म्हणून दिवसा काही ठरवून ठेवावे. जवळचे कोणते रुग्णालय चोवीस तास ईसीजी काढते, गुठळी विरघळवणारे औषध कोठे मिळते, अँजिओप्लास्टीची सोय कोठे आहे, हे आजच विचारून घ्यावे आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून लावावे. खर्चाच्या भीतीने जो वेळ जातो, त्याचीही तजवीज आधी करता येते. आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण आहे आणि २०२४ पासून सत्तर वर्षे व त्यावरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, ते खुले झाले आहे. कार्ड काढून ठेवावे आणि ते कोणत्या कप्प्यात आहे, हे घरातील लहानांनाही ठाऊक असावे.

घरातील स्त्रियांविषयी वेगळे बोलले पाहिजे. स्त्रियांनाही छातीतील दडपण हेच सर्वाधिक आढळणारे लक्षण असते. पण त्याबरोबर धाप, मळमळ, पाठीतील वा जबड्यातील वेदना आणि असह्य थकवा यांचे प्रमाण त्यांच्यात अधिक असते. थकवा तर त्यांच्या दिनक्रमाचाच भाग मानला जातो. पोळ्या संपेपर्यंत, पाहुणे जाईपर्यंत, वर्गातला तास संपेपर्यंत त्या थांबतात. आजोबांच्या वेळी आजी जाग्या होत्या. आजींच्या छातीत जड वाटेल तेव्हा कोण जागे असेल, हा प्रश्न प्रत्येक घराने स्वतःला विचारावा. ज्या बाईने आयुष्यात कधी तक्रार केली नाही ती "आज बरे वाटत नाही" म्हणाली, तर ते वाक्य तिच्यापुरते हाकाटीइतके मोठे समजावे.

शेवटी शाळेविषयी. मोठी माणसे कामावर असताना वृद्धांबरोबर घरी बहुधा मुलेच असतात. ती मराठी समजतात, गुजराती आणि हिंदी सफाईने बोलतात. आजीचे शब्द रुग्णवाहिकेपर्यंत पोहोचवणारा दुवा तीच आहेत. साठ वर्षांत या शाळेने हजारो मुलांना शुद्धलेखन शिकवले, पाढे पाठ करून घेतले. आठवीच्या मुलाला घराचा पत्ता तीन भाषांत सांगता येणे, १०८ लावता येणे आणि बाहुलीवर छाती दाबण्याचा सराव असणे, हा त्याच शिक्षणाचा पुढचा धडा आहे. महोत्सवाच्या वर्षात तो सुरू व्हावा. त्यासाठी नवी इमारत लागत नाही.

त्या बडोद्याच्या घराकडे पुन्हा एकदा वळू. साडेनऊ वाजले आहेत, आजोबांच्या छातीत जड वाटते आहे आणि "एवढ्या रात्री कशाला?" हे वाक्य उच्चारले गेले आहे. पाच मिनिटे झाली. आजी दुसऱ्यांदा विचारत नाहीत, नातवाला म्हणतात, "बाळा, १०८ लाव." साडेदहापर्यंत ईसीजी निघालेला असतो. तो वाईट निघाला, तर एका माणसाचे हृदय वाचवायला पुरेसा वेळ हाती असतो. पुढच्या तपासण्याही चांगल्या आल्या, तर आजोबा पहाटे घरी येऊन चिडून म्हणतात, "सांगत होतो ना, उंधियोच बाधला!" त्या वाक्यावर सारे घर हसले तरी चालेल. अशी फजिती प्रत्येक घराला लाभो, एवढीच या हीरक महोत्सवाच्या दिवशी सदिच्छा.